तुम्ही विचारलंत म्हणून: क्वार्कचा प्रभार मोजला कसा?

क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, पण सुटा क्वार्क आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. मग प्रोटॉनचा प्रभार १ धरला तर अप जातीच्या क्वार्कचा +२/३ आणि डाउन जातीच्या क्वार्कचा −१/३, हे कशावरून? शंका रास्त आहे. दोन अप आणि एक डाउन मिळून प्रोटॉनचा +१ येतो, एक अप आणि दोन डाउन मिळून न्यूट्रॉनचा ०. पण ही बेरीज म्हणजे पुरावा नव्हे, आकडेच तसे निवडलेत असं कुणीही म्हणेल.

सुट्या कणाचं काम त्या मानानं सोपं. चुंबकीय क्षेत्रात तो किती वळतो ते बघायचं. मात्र वळणातून संवेग आणि प्रभार यांचं गुणोत्तर तेवढं कळतं. दुप्पट प्रभार आणि दुप्पट संवेग असलेला कणही त्याच वाटेनं जातो. म्हणून वायूत त्यानं किती आयन मागे सोडले तेही मोजतात. वेग सारखा असेल तर हे प्रमाण प्रभाराच्या वर्गानुसार बदलतं, म्हणजे १/३ प्रभाराच्या कणाची रेघ नऊपट फिकी दिसायला हवी.

वर्गाचा हाच नियम क्वार्कला लावता येतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धन प्रभाराचा प्रतिकण) आदळले की कधी म्युऑनची (इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाची) जोडी निघते, कधी क्वार्कची, आणि क्वार्कच्या जोडीचे लगेच हॅड्रॉन, म्हणजे क्वार्कनी बनलेले कण, होतात. म्युऑनच्या एका घटनेमागे हॅड्रॉनच्या किती, ते मोजायचं. प्रभारांचे वर्ग असे: अप ४/९, डाउन १/९, स्ट्रेंज या तिसऱ्या जातीचा १/९, बेरीज २/३. प्रत्येक क्वार्क तीन ‘रंगांत’ (हा डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे, क्वार्कच्या एका गुणधर्माचं नाव) येतो म्हणून तिप्पट, म्हणजे २. ऊर्जा वाढवून चार्म हा जड क्वार्क निघू लागला की १०/३, त्याहून जड बॉटमनंतर ११/३. प्रत्यक्षात आकडा थोडा वरच राहतो, कारण क्वार्क ग्लुऑनही (क्वार्कना बांधून ठेवणारे कण) सोडतात. शिवाय जे/साय किंवा अप्सिलॉन या जड हॅड्रॉनच्या ऊर्जेजवळ तो एकदम उसळतो, तिथलं मोजमाप या हिशेबात धरायचं नाही. चार्मच्या उंबरठ्याशी आणखी एक घोळ: टाऊ लेप्टॉनच्या (म्युऑनहूनही जड भावंडाच्या) जोड्याही जवळपास त्याच ऊर्जेला निघू लागतात आणि त्यांच्या क्षयातून हॅड्रॉन येतात. ते वजा केले नाहीत तर गुणोत्तर फुगतं.

तरीही कुणी म्हणेल, ती तिप्पट तुम्ही सोयीनं घातलीत. त्याला उत्तर प्रोटॉन-न्यूट्रॉनवरच्या माऱ्यातून मिळतं. इलेक्ट्रॉनला क्वार्कचा प्रभार जाणवतो, न्यूट्रिनो या प्रभारहीन कणाला नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारख्याच संख्येनं असलेल्या लक्ष्यावर आधी इलेक्ट्रॉन, मग न्यूट्रिनो सोडून आतल्या रचनेचे दोन आलेख काढले, तर त्यांचं गुणोत्तर ४/९ आणि १/९ यांच्या सरासरीइतकं, म्हणजे ५/१८ यायला हवं. रंगांचा इथे संबंधच नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेतले इलेक्ट्रॉनचे आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या गार्गामेल बुद्बुदकक्षातले (कणांची वाट बुडबुड्यांतून दाखवणाऱ्या यंत्रातले) न्यूट्रिनोचे निकाल शेजारी ठेवले, तेव्हा गुणोत्तर मोजमापाच्या अचूकतेत तेवढंच भरलं.