रविवारचा हिशेब

आठवडाभर मी सोलापुरातल्या टॉवेल-चादरीवाल्यांचे जीएसटी रिटर्न भरतो. काम चोख, पण रात्री आठवावं असं त्यात काही नसतं.

रविवारी मात्र अशोक चौकाजवळ एका ओळखीच्या ओसरीवर पीएफ-पेन्शनचे अर्ज भरून द्यायला लॅपटॉप घेऊन बसतो. समोर विडी वळणाऱ्या बायका, मांडीवर सूप, हातात कात्री. बोलतानाही पान कापणं थांबत नाही. हजार विड्या झाल्या तरच दिवस भरला!

मध्यंतरी एक अक्का आल्या. वय एकसष्ट, नोकरी वीस वर्षांच्या वर. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. यांना तीन वर्षं दमडी नाही. कारण? आधारवर ‘लक्ष्मी’, पीएफच्या खात्यात ‘लक्ष्मीबाई’. जन्मसालही वेगळं. कारखान्यातल्या कुणीतरी कधीतरी घाईत लिहिलेलं. यांच्या दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही हवी होती, त्यासाठी माझे चार हेलपाटे झाले. (तिथला मुनीम मला बघितलं की चहाला पळतो.)

मग १०-डी, म्हणजे पेन्शन मागणीचा फॉर्म. अंगठा लावायची वेळ आली तर मशीन घेईना. पानं चोळून चोळून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. अक्का हसल्या, “हात विडीला दिला की, सर.” शेवटी चेहरा दाखवून जमलं.

किमान पेन्शन हजार रुपये, २०१४ पासून तेवढीच. माझा एका रिटर्नचा दर त्याहून जास्त आहे.

पेन्शन जमा झाल्याचा पहिला मेसेज आला तेव्हा अक्कांनी फोन माझ्यापुढे धरला, “वाचा की, किती आलं?” दोनदा वाचून घेतलं.