हिरवा रंग

"हा हिरवा रंग आमच्या बायांचा हाय, मॅडम. बाप्ये कुठं हायेत यात?"

गावच्या आशाताईंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं आणि माझा चहा तसाच हातात राहिला.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा एचआयव्ही तपासणीचा नकाशा. आठवडाभर बसून मीच रंगवलेला. तपासणी झालेली गावं हिरवी, राहिलेली लाल. ताईंचं गाव गडद हिरवं. खरं सांगते, जरा मिरवायलाच नेला होता.

पण त्या हिरव्यात जवळजवळ सगळ्या गरोदर बायका. त्यांचं रक्त तपासलं जातं, त्यातच ही चाचणीही होते. नवरा बाहेर गाडीवर बसून. बायको पॉझिटिव्ह आली, तर त्याला आत हाक.

"आन् शिबिर कवा घेतलं तुमी?"

डिसेंबरात. म्हणजे अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला, पार सांगली-कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकात. मांडवात आली ती म्हातारी माणसं.

मी म्हटलं, चाचणी फुकट आहे, २०१७ च्या कायद्याने नाव गुप्त ठेवावंच लागतं. ताईंनी आवाज खाली आणला. "कायदा हाय वो. पण रक्त घेणारा भावकीतलाच निघाला तर?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

रात्री नकाशा पुन्हा उघडलाय. बाप्यांचा रंग वेगळा करतेय. हिरवं भराभर पुसलं जातंय. एक मात्र सुटत नाही. कारखान्याजवळच्या त्या कोप्या, जिथे ही माणसं वर्षातले पाच-सहा महिने राहतात, त्या कुठल्या तालुक्याच्या नकाशात धरायच्या?