कॅनोपीचा पीळ, परत एकदा

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की लाँग-ईझीची (बर्ट रुटानने डिझाइन केलेलं, घरी बांधायचं छोटं विमान) कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, कार्बन फायबरने कडक केली आणि विषय संपला, तर नाही संपला. पील प्लाय (वरून लावून नंतर सोलून काढायचं कापड) सोलला तेव्हा लेअप (इपॉक्सीत भिजवलेले कापडाचे थर) इतका सुरेख दिसत होता की मी दोनदा चहा घेऊन तिथेच उभा. मग कॅनोपी फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, ठेवली आणि डावीकडचा मागचा कोपरा ५ मिमी वर, दाबला की पुढचा उचलतोय!!

चूक माझीच. लेअप टेबलावर कॅनोपी उलटी ठेवून केलं, लुळी फ्रेम तिथे जशी बसली तशीच कार्बनने धरून ठेवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मी तर पिळाला इपॉक्सी पाजली. वर युनी (एकाच दिशेच्या धाग्यांचं कापड) सगळी लांबीच्या दिशेने टाकलेली, म्हणजे वाकायला विरोध भरपूर पण पिळायला जवळजवळ नाहीच, त्याला धागे ४५ अंशात लागतात आणि सेक्शन पेटीसारखा बंद लागतो. रुटानच्या प्लॅनमध्ये नुसता ग्लास फायबर आहे, कार्बन तिप्पट कडक म्हणून हुशारी करायला गेलो.

शनिवारी ड्रेमेलने (हातातलं छोटं फिरतं कटर) फ्रेमच्या कार्बनला चार ठिकाणी चिरा दिल्या (मास्क घाला, ती धूळ दोन दिवस खाजवते), इपॉक्सी चिकटू नये म्हणून कडेला ब्राउन पॅकिंग टेप लावला, लॅच लावून कॅनोपी जागेवर बंद केली आणि मी आत उताणा, रेस्पिरेटर लावून, पंख्याचा पाइप आत सोडून. कोपऱ्यात फोमची पट्टी, त्यावर बिडचे (उभे-आडवे धागे विणलेलं कापड) दोन थर ४५ अंशात, म्हणजे पेटीच झाली. कार्बन भिजलाय का ते ग्लाससारखं दिसत नाही म्हणून रेझिन कापडाच्या वजनाने मोजून घेतली. बायको दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक, "अरे, आहेस ना?"

रविवारी उघडली, गॅप १ मिमीच्या आत. मागचा कोपरा एका हाताने उचलला तर पुढचा मुकाट्याने सोबत आला, हे मी पाच-सहा वेळा करून बघितलं.

कापड रोलवरच मागवा. माझ्या सप्लायरने, नाव नाही घेत, घडी घालून पाठवलं, घडीवरचे धागे मोडलेले, तेवढी पट्टी फेकली.

विणकाम मिरवायचं म्हणून आतून क्लिअर कोट मारणार होतो, पण ॲरिझोनाच्या उन्हात काचेखाली काळी फ्रेम तापणार आणि रूम टेंपरेचरला क्युअर झालेली इपॉक्सी नरम पडणार, म्हणजे पांढराच रंग. आणि अरे हो, जीपीएसचा पक (छोटा गोल अँटेना) याच फ्रेमखाली लावायचा होता, कार्बनमधून सिग्नल कुठला येतोय, तो आता नोजमध्ये. तिथली वायर अजून ओढलेलीच नाही.