अविवाहित असल्याचा दाखला

3 ऑगस्ट

निकाल लागला. यादीत नावं नसतात, नुसते रोल नंबर, म्हणून माझा नंबर चार वेळा ताडून पाहिला. आहे. अग्निवीर, म्हणजे सैन्यातली चार वर्षांची भरती, महिला मिलिटरी पोलीस. फॉर्म भरताना मनात एवढंच होतं की अडीचशे रुपये गेले तर गेले, बघू तरी. आता रॅलीचं, म्हणजे मैदानी चाचणीचं बोलावणं येणार. म्हणजे 'बघू तरी' संपलं.

घरी कुणाला माहीत नाही. मी परीक्षेला गेले ती बँकेची होती असं आईला वाटतं. मी तसं म्हणाले नव्हते. तिने धरून घेतलं आणि मी खोडलं नाही, त्यामुळे हे खोटं नक्की कुणाच्या नावावर टाकायचं ते कळत नाही.

18 च्या आत असते तर पालकांची सही लागली असती आणि सगळं आपोआप घरात फुटलं असतं. मी 20 ची आहे. सही माझी एकटीची. याचा आनंद व्हायला हवा, पण दुपारपासून पोटात गोळा आहे.

5 ऑगस्ट

सोळाशे मीटर, 7 मिनिटं 42 सेकंद. साडेसातच्या आत आलं तर पहिला गट, आठपर्यंत दुसरा. लांब उडी दहा फूट, उंच उडी तीन फूट, ती होते. बारा सेकंद कुठून काढायचे? तिसऱ्या राउंडला पाय जड होतात आणि डोकं भलतीकडे जातं. उंचीचं टेन्शन नाही. 162 सेंटिमीटर लागते, मी 164 आहे. लहानपणी 'ताडमाड' म्हणायचे, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

7 ऑगस्ट

आत्याचा फोन. मुलगा पुण्यात कंपनीत, घरचे चांगले, "मुलगी शिकतेय तर शिकू दे म्हणतात." ही 'दे' म्हणणारी माणसं कोण, ते मला अजून माहीत नाही. आई फोनवर "बघू, बघू" करत होती. तिचं 'बघू' आणि माझं 'बघू तरी' एकाच मातीतले.

आज एक गोष्ट स्वतःशी कबूल करते, कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही. अग्निवीरची जाहिरात पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मी ज्या ओळीवर थांबले ती पगाराची नव्हती. उमेदवार अविवाहित हवा आणि चारही वर्षं लग्न करता येणार नाही, ती ओळ. इतर मुलींना ती अट वाटत असेल. मला ती सुट्टी वाटली. आत्याला, आईला, पुण्याच्या कंपनीतल्या मुलाला, सगळ्यांना एकच उत्तर: मला करायचं नाही असं नाही हो, सरकार करू देत नाही.

हे कारण घेऊन सैन्यात जायचं? मुलाखत असती आणि कुणी विचारलं असतं तर मी देशसेवा म्हणाले असते. तेही खोटं नसतं. पण पहिल्या नंबरचं कारण ते नसतं.

8 ऑगस्ट

कालचं पुन्हा वाचलं. थोडा अन्याय केला मी स्वतःवर. हे खूळ जुनं आहे. दहावीला होते, परीक्षाच रद्द झाली ते वर्ष. मे 2021. सगळे घरात कोंडलेले आणि फोनवर एक फोटो फिरत होता: बंगळुरूला लष्करी पोलिसांच्या केंद्रातून महिला शिपायांची पहिली तुकडी बाहेर पडली, 83 जणी, 61 आठवड्यांचं प्रशिक्षण करून. अधिकारी बायका सैन्यात आधीपासून होत्या, पण त्या साहेब. या आमच्यासारख्या, दहावी-बारावीच्या. मी तो फोटो मोठा करून करून त्यांचे चेहरे पाहिले होते. तेव्हा माझ्यासाठी कुणी स्थळ आणत नव्हतं. म्हणजे कारणं दोन आहेत आणि जुनं कारण जास्त स्वच्छ आहे.

10 ऑगस्ट

सांगितलं. जेवणं झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, म्हणजे कुणालाच उठून जाता येऊ नये अशा वेळी. आई काही बोलली नाही. पप्पा म्हणाले, "कागद दाखव."

मी पीडीएफ उघडून फोन त्यांच्या हातात दिला. पप्पा कुठलाही कागद शेतीच्या कर्जाचा असल्यासारखा वाचतात, ओठ हलवत. पहिल्या वर्षी महिन्याला 30,000, त्यातले 9,000 निधीत कापून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. कापलेले चार वर्षांत 5.02 लाख होतात, तेवढेच सरकार घालतं, वर व्याज. जून 2022 मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा व्याजासकट 11.71 लाख सांगितले होते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त 25 जणांना पुढे ठेवणार.

"आणि बाकीच्या 75?" पप्पा.

"केंद्राच्या पोलीस दलांमध्ये काही जागा राखीव आहेत."

"म्हणजे परत भरती."

"हो."

मग ते निधीच्या आकड्यावर परत गेले आणि म्हणाले, "सात-आठ लाखात लग्न होतं. तुझं तू करून उरतील की." थट्टेनेच म्हणाले. आई हसली, बऱ्याच वेळाने. मला हसता आलं नाही. ज्यापासून चार वर्षं पळायचं त्याच्याचसाठी चार वर्षं पैसे साठवायचे! सरकारने त्याला सेवा निधी नाव दिलंय आणि आमच्या घरात पाच मिनिटांत त्याचं बारसं बदललं.

पुढे विम्याची ओळ होती. 48 लाख. ड्यूटीवर मृत्यू आला तर वर आणखी 44 लाख. पप्पांचे ओठ हलायचे थांबले. अंगठा त्या ओळीवर तसाच ठेवून ते बसून राहिले, फोनचा उजेड गेला तरी. मग म्हणाले, "चार्जर कुठंय?" चार्जिंग 80 टक्के होतं.

मी स्वतः ती ओळ आधी तीनदा वाचली होती. मला त्यात आकडा दिसला होता फक्त.

11 ऑगस्ट

आई आज सकाळपासून माझ्याशी नेहमीपेक्षा बरी वागतेय. हे वाईट लक्षण आहे.

14 ऑगस्ट

मागच्या गल्लीतल्या काकांकडे गेले होते. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं, हवालदार म्हणून बाहेर आले. एकोणिसाव्या वर्षी बेळगावला गेले, छत्तिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन घरी. गावातली भरतीची पोरं त्यांच्याकडे टिप्स मागायला जातात आणि ते सगळ्यांना एकच टीप देतात: मोजे बदला.

मला वाटलं होतं ते मुलगी म्हणून काहीतरी बोलतील. बोलले, पण वेगळंच. (एमपी म्हणजे मिलिटरी पोलीस.) "एमपी होणार? अगं, एमपीवाल्यांना आमच्यात कुणी चहा विचारत नाही." सुट्टीवर निघालेल्याची टोपी वाकडी, गाडीचा वेग जास्त, पास नाही, की एमपी हजर. युद्धात वाहतूक लावायची, कैदी सांभाळायचे, आणि शांततेत आपल्याच लोकांना टोकायचं. "तुला भांडायला आवडतं, पण आवडती व्हायलाही आवडतं. दोन्ही नाही जमणार."

मला कुणी इतक्या कमी शब्दांत पकडलं नव्हतं.

चार वर्षांबद्दल विचारलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या मते चार वर्षांत पल्टन कळायला लागते आणि तेवढ्यात निघायचं. शिवाय जो चौघांतला एक ठरायचा आहे तो बाकी तिघांकडे कसा बघेल, हे त्यांना कळत नाही. काकू आतून म्हणाल्या, "आणि तुम्ही सतरा वर्षांत किती वेळा घरी होता ते सांगा तिला." त्यांनी ते सांगितलं नाही.

निघताना मी तो प्रश्न विचारलाच, प्रत्यक्ष वेळ आली तर माझ्याच्याने होईल का. म्हणाले, ते कुणालाच आधी कळत नाही, त्यावर झोप घालवू नकोस. "तुझ्यापेक्षा कमी अक्कल असलेल्या माणसाला रोज सकाळी 'जी साहब' म्हणशील का, तेवढं बघ. मरण्याबिरण्याचं नंतर. हे रोजचं आहे."

15 ऑगस्ट

झेंडावंदन. राष्ट्रगीताला अंगावर काटा आला नाही. नेहमी येतो. आज मुद्दाम वाट बघत होते म्हणून आला नसेल. बाजूच्या चौथीतल्या मुलाच्या बुटाची लेस सुटली होती आणि तो सावधानमध्ये हलायचं नाही म्हणून नुसता तिच्याकडे बघत उभा होता. माझं सगळं लक्ष त्या लेसवर.

17 ऑगस्ट

'जी साहब' डोक्यातून जात नाही.

एनसीसीच्या दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये मी सुखी होते. हे मी लोकांना सांगते तेव्हा परेड, फायरिंग, मैत्रिणी असं सांगते. खरं सुख निराळं होतं. साडेचारला शिट्टी, पाचला मैदान, कधी खायचं, कधी झोपायचं, केस कसे बांधायचे, सगळं ठरलेलं. मला दहा दिवस एकही गोष्ट ठरवावी लागली नाही आणि घरी आल्यावर मला ताप आल्यासारखं झालं, कारण पहिल्याच संध्याकाळी आईने विचारलं, पुढे काय करणार.

म्हणजे मला हुकूम पाळायचा त्रास नाहीच. मला तो जरा जास्तच सोसतो, आणि तीच भीती आहे. घरी माझ्यासाठी आत्या ठरवणार म्हणून मी तणतणते, आणि पळून जायचं ठिकाण कुठलं शोधलंय, तर जिथे माझ्यासाठी शिट्टी ठरवेल. राज्यशास्त्राच्या पेपरात कलम 33 दोन मार्कांना येतं: सैन्यातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. संघटना, राजकीय सभा, वर्तमानपत्रात लिहिणं. मी ते घोकून लिहिलं होतं आणि दोनपैकी दोन मिळाले होते. तेव्हा ते 'त्यांच्याबद्दल' होतं. आता तिथे माझं नाव घालून वाचते तर वाक्य वेगळं लागतं. आणि एकदा आत गेलं की मनात आलं म्हणून मधेच सोडता येत नाही, अगदी अपवाद सोडले तर. सासरहून निदान माहेरी येता येतं. (हे वाक्य आईला दाखवायचं नाही.)

फरक एकच सापडतो. तिथे हुकूम कुणाला, कुठवर आणि किती दिवस, ते आधी लिहून देतात आणि मग माझी सही घेतात. पुण्याच्या मुलाचं काहीच लिहिलेलं नाही.

पण मग चार वर्षांनी? 24 वर्षांची, माजी सैनिकाचा दर्जा नाही, बँकेत दहा-अकरा लाख, सरळ पाठ, आणि आत्या जिवंत. या योजनेतल्या पहिल्या तुकडीचीसुद्धा चार वर्षं अजून पुरी व्हायची आहेत, त्यामुळे त्या दिवशी घरी आलेल्या मुलीला काय वाटतं ते विचारायला माणूसच नाही. मी आजवर आत कशी शिरेन एवढंच रंगवलं. बाहेर कशी पडेन त्याचं चित्र काढायला बसले तर कागद कोरा. तेव्हा मी ठरवणारी असेन की शिट्टीची वाट बघणारी? सवय चार वर्षांत नक्की लागते, दहा दिवसांत लागली होती.

बी.ए. चं शेवटचं वर्ष बाहेरून करता येईल का, हे उद्या विचारायचं. हा प्रश्न आज पहिल्यांदा सुचला, याचं मला आश्चर्य वाटतं.

18 ऑगस्ट

विचारलं. मुक्त विद्यापीठाच्या बाईंनी उलट विचारलं, "वेळ मिळेल का?" ते मला कसं माहीत असणार.

7:33.

21 ऑगस्ट

रॅलीचं प्रवेशपत्र आलं. कागदांची यादी लांबलचक: जातीचा, रहिवासाचा, शाळेचा, चारित्र्याचा, आणि अविवाहित असल्याचा दाखला, सरपंचांच्या सहीचा, फोटो लावलेला, सहा महिन्यांच्या आतला.

रात्री पप्पांना म्हणाले, पळून तर येते. मेडिकल बाकी असेल, मेरिट लागायचं असेल, तोवर नाही म्हणता येतं. शपथ घेतल्यावर नाही. पप्पा म्हणाले, "बाजार बघून येतो म्हणणारा बैल घेऊनच येतो." पण ग्रामपंचायतीत सकाळी गर्दी नसते, हेही त्यांनीच सांगितलं.

22 ऑगस्ट

ग्रामसेवकांनी विचारलं, कशासाठी हवाय. मी म्हणाले भरतीसाठी. तोपर्यंत मागे रेशनकार्डाच्या कामाला आलेल्या दोन बायकांनी फक्त 'अविवाहित' एवढंच ऐकलं होतं. दाखल्यावर माझा फोटो, त्यावर अर्धा शिक्का, खाली लिहिलेलं की सदर मुलीचा विवाह झालेला नाही. मी ते दोनदा वाचलं. माझ्याबद्दल इतकं स्पष्ट सरकारी वाक्य आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या काकू दारात. पंचायतीतून दाखला काढला म्हणे, मग स्थळ परदेशातलं आहे का, आणि आम्हाला कळवायचं नाही होय. मी आतल्या खोलीत होते. बाहेर जाऊन सांगावं म्हणून उठले, तर आई निवडत असलेलं सूप खाली न ठेवताच म्हणाली, "स्थळबिळ काही नाही हो. मिलिट्रीच्या भरतीला लागतो तो. बारा सेकंद कमी करायचेत अजून तिला."

बारा नाहीत, तीनच राहिलेत. पण मी बाहेर जाऊन दुरुस्त केलं नाही.