आमची वाटचाल : एका फळीचे दोन पट

मी मूळची कुडाळची. आमचा कारखाना मात्र फिलिपिन्समधल्या पाएते गावात आहे. मनीलाच्या आग्नेयेला लागूना प्रांत आहे, तिथे एका बाजूला मोठं सरोवर आणि दुसऱ्या बाजूला सिएरा माद्रेचा डोंगर. या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव वसलंय. ‘पाएत’ म्हणजे पटाशी, त्यावरून गावाचं नाव पडलं. घराघरांत लाकूड कोरणारे हात आहेत. २००५ साली सरकारनेच या गावाला देशाची कोरीवकामाची राजधानी म्हणून जाहीर केलं. इथे आम्ही बुद्धिबळाचे पट आणि सोंगट्या करतो. माझा नवरा, मी आणि चार कारागीर.

पण हे सुरू झालं ते शारजात. २००६ साली मी तिथल्या एका फर्निचरच्या कंपनीत हिशेबाच्या कामाला लागले. जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या पत्र्याच्या सावलीत फिलिपिनो सुतार पट मांडून बसायचे. एक दिवस मी सहज म्हटलं, मलाही येतं. समोर बसला तो पुढे माझा नवरा झाला.

मला आजोबांनी शिकवलेला देशी डाव येत होता. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची चाल मिळते. त्याने किल्लेकोट केला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले, तेव्हा मी म्हटलं, ही कुठली चाल? मग मी राजा उचलून अडीच घरं टाकला तेव्हा सगळे हसले. तो हसला नाही. त्याने खिशातली वही काढली, माझ्याकडून तो नियम नीट समजून घेतला आणि लिहून ठेवला. त्यानंतर आम्ही एक डाव त्याच्या नियमाने आणि एक माझ्या नियमाने खेळायचो. २०१० मध्ये लग्न झालं.

त्याचा पट इतरांच्या पटासारखा नव्हता. लाकडी होता, कडा झिजलेल्या, आणि एका बाजूची रेघ मध्येच तुटल्यासारखी. लाकडाच्या रेषा पटाच्या काठापाशी येऊन थांबत, पुढे कुठेतरी जात असाव्यात असं वाटे. मी विचारलं तेव्हा कळलं की त्या रेषा खरोखरच पुढे जात होत्या. १९९८ मध्ये तो पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हा त्याच्या वडिलांनी एकाच लांब फळीतून दोन पट केले होते. एक त्याच्या बॅगेत आणि दुसरा पाएतेच्या घरात. दर शुक्रवारी फोन लावायचा आणि दोघांनी आपापल्या पटावर चाली मांडायच्या. तेव्हा फोनचं कार्ड महाग होतं. घरची विचारपूस झाली की उरलेल्या मिनिटांत चार-पाच चाली व्हायच्या. एक डाव दोन-दोन महिने चालायचा. आठवडाभर इकडे मुलगा आणि तिकडे बाप त्याच पटाकडे बघत विचार करायचे.

मला हे ऐकून नवल वाटलं नाही, गलबलून आलं. कोकणात आम्ही मनिऑर्डरवर वाढलेली माणसं. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो, पंधरा दिवस घर भरतं आणि मग एसटीच्या खिडकीतून हात हलतो. फिलिपिन्समध्ये तेच, फक्त एसटीच्या जागी विमान किंवा जहाज. सणही नाताळचा, ज्याची गाणी इथे सप्टेंबरपासूनच वाजायला लागतात.

सासरे देवांच्या मूर्ती कोरायचे. इथे वडिलांना ‘तातय’ म्हणतात, मीही त्यांना तातयच म्हणायचे. त्यांना बुद्धिबळाचं वेड लागलं ते १९७०च्या दशकात, आणि त्या दशकात फिलिपिन्समध्ये ते न लागणंच कठीण होतं. १९७४ मध्ये इलोइलोचा युजेनियो तोरे आशियातला पहिला ग्रँडमास्टर झाला. आपला विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला तो १९८८ मध्ये, म्हणजे त्यानंतर १४ वर्षांनी. १९७६ मध्ये तोरेने मनीलात चक्क जगज्जेत्या कार्पोवला हरवलं. १९७८ मध्ये कार्पोव आणि कोर्चनॉय यांची जगज्जेतेपदाची लढत इथल्याच बागियो शहरात झाली. ३२ डाव, त्यांतले २१ बरोबरीत, आणि शेवटी कार्पोव ६–५ असा जिंकला. तातयनी त्या वेळची वर्तमानपत्रांची कात्रणं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. आनंदच्या लहानपणाचा काही काळही मनीलात गेला. त्याचे वडील तिथे रेल्वेच्या कामावर होते. दुपारी टीव्हीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, तेव्हा आनंद शाळेत असे. आई कोडं उतरवून ठेवायची आणि संध्याकाळी दोघं मिळून सोडवायची. हे मी तातयना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग तो थोडा आमचाही.” मी कबूल केलं.

परत यायचं असं नवरा दरवर्षी म्हणायचा. ते ठरलं २०१६ च्या सप्टेंबरात. बाकूच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये तोरे ६४ वर्षांचा असताना ११ डाव खेळला, त्यात १० गुण मिळवले, एकही हरला नाही आणि वैयक्तिक कांस्यपदक घेऊन गेला. तातय फोनवर एवढंच म्हणाले की ६४ घरं, ६४ वर्षं. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते आणि पटाशी धरवत नव्हती. नवऱ्याने त्याच आठवड्यात राजीनामा लिहिला.

२०१७ च्या फेब्रुवारीत आम्ही पाएतेत उतरलो. परदेशातून येणारा माणूस घरी मोठे खोके पाठवतो, ज्यांना ‘बालिकबायन बॉक्स’ म्हणतात. त्यात चॉकलेटं, साबण, टॉवेल, डबाबंद मटण असतं. आमच्या खोक्यांत क्लॅम्प, लाकडात खाच पाडायचं राउटर आणि करवतीची पाती निघाली तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं होतं की एक जीपनी, म्हणजे इथली प्रवासी वाहतुकीची गाडी, घ्यावी किंवा घराच्या पुढच्या खोलीत किराणा घालावा, सगळे परत आलेले तेच करतात. त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या गल्लीतच असे तीन किराणे होते, आणि तिन्ही उधारीवर चालायचे. म्हणूनच मला ते नको होतं. बालवाडीएवढ्या जागेत शेड घातली आणि परवाने नवऱ्याच्या नावावर काढले.

लाकडाचा प्रश्न पहिल्या दिवशी समोर आला. इथले मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या बातिकुलिंग नावाचं लाकूड वापरत आले. आता ते दुर्मीळ झालंय, आणि २०११ पासून नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर देशभर बंदी आहे. मला ही बंदी योग्यच वाटते. त्यामुळे आम्हाला लागवडीचंच लाकूड घ्यावं लागतं. काळ्या घरांसाठी महोगनी सापडली. पांढऱ्या घरांसाठी वखारवाल्याने ‘जमेलीना’ दाखवलं. फिकट पिवळसर, हलकं, रंध्याखाली लोण्यासारखं. मागच्या अंगणात त्याचं झाड होतं, मी पान हातात घेतलं आणि ओरडलेच, की ही तर आमची शिवण! वनस्पतिशास्त्रातलं नावही तेच, जमेलीना आर्बोरिया. भारतातलं झाड, इथे लागवडीसाठी आणलेलं. माझ्यासारखंच समुद्र ओलांडून आलेलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पटातली पांढरी घरं शिवणीची आहेत.

पट करायची रीत सोपी दिसते. चार काळ्या आणि चार पांढऱ्या पट्ट्या आलटून-पालटून चिकटवायच्या. वाळल्या की आडव्या कापून आठ पट्ट्या करायच्या आणि एक सोडून एक उलटी फिरवून पुन्हा चिकटवायच्या. चौसष्ट घरं तयार. पण लाकूड मरत नाही, ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं-आकसतं. हे नवऱ्याला माहीत होतं, तरी पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या घाईत आम्ही चुकलो. मनीलातल्या एका स्पर्धेसाठी तीस पट केले. लाकूड पावसाळ्यात घेतलेलं, पुरतं वाळलेलं नव्हतं, आणि चौकटीच्या पट्ट्या चारी बाजूंनी पक्क्या चिकटवलेल्या. सभागृहात एसी लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पटांना मधोमध चीर गेलेली होती आणि काही कमानीसारखे वाकले होते. राजा ठेवला की डुलायचा. मुलं खेळत होती आणि मी भिंतीला टेकून उभी होते. तीसच्या तीस परत घेतले, पैसे परत केले. ते पैसे आमच्या बचतीतले गेले.

त्यानंतर ओल मोजायचं यंत्र घेतलं. लाकूड १२ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही, ग्राहक कितीही घाई करो. चौकटीला आता आतून खाच असते. पट त्या खाचेत मोकळा बसतो, फुगायला-आकसायला जागा राहते. तेव्हापासून एकही पट फाटून परत आलेला नाही.

सोंगट्यांचं वेगळंच. प्यादी, हत्ती, उंट लेथवर निघतात. घोडा निघत नाही, तो हातानेच कोरावा लागतो, आणि गिऱ्हाईक आधी घोडाच उचलून बघतं. पाएतेचे कारागीर देवदूताचा चेहरा डोळे मिटून कोरतील, पण सारखे दिसणारे चार घोडे कोरायला त्यांना दोन वर्षं लागली. तोवर आम्ही सोंगट्या अमृतसरहून मागवल्या. तिथले घोडे जगभर जातात. त्यांच्याशी हिंदीत बोलायचं काम अर्थात माझं. शिसवीच्या सोंगट्यांना आंतरराष्ट्रीय नियमांमुळे कागदपत्रं लागतात, म्हणून आम्ही पिवळ्या लाकडाच्याच घेतल्या आणि निम्म्या इथे रंगवल्या.

नावांवरून आमच्या शेडमध्ये अजून वाद होतो. इथे बुद्धिबळाला ‘अहेद्रेस’ म्हणतात. तो स्पॅनिश शब्द, स्पॅनिशात अरबीतून आलेला, आणि अरबीत आपल्या चतुरंगावरून गेलेला. घोडा ‘कबायो’. पण आमचा उंट इथे ‘ओबिस्पो’ म्हणजे बिशप, आणि हत्ती ‘तोरे’ म्हणजे बुरूज. त्या ग्रँडमास्टरचं आडनावही तेच. मी हट्टाने एक संच खरे हत्ती आणि खरे उंट कोरून करवून घेतला. तो विकायचा नाही, शेडमध्ये मांडलेला असतो. कारागीर मला ‘आते’ म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून मागे बघितलं. आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण.

२०१९ वाईट गेलं. एका व्यापाऱ्याने साठ संच उधारीवर उचलले आणि पैसे दिले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तातय गेले. त्यांचा पट आम्ही शेडच्या भिंतीवर लावला आणि शेजारी नवऱ्याचा. दोन्ही एकमेकांना टेकवले की रेषा इकडून तिकडे सलग जातात.

डिसेंबरात शेजारची एक परिचारिका सौदीला परत जायच्या आधी आली. मुलगा आठ वर्षांचा. ती त्या भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कुया, असे दोन मलाही करून दे. एक त्याच्याकडे राहील.” कुया म्हणजे दादा. नवऱ्याने रात्री जागून ते केले आणि पैसे घेतले नाहीत. मी भांडले. त्या महिन्यात विजेचं बिल भरायचं होतं.

मग मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आमचं लुझोन बेट बंद झालं. वाहतूक थांबली, स्पर्धा थांबल्या, शाळा थांबल्या. कारागिरांना आम्ही तांदूळ आणि अर्धा पगार दिला, त्याहून जास्त देता आलं नाही. त्या काळात सौदीतल्या त्या परिचारिकेने आपल्या मैत्रिणींना मोबाइलवर मुलासोबतचा डाव दाखवला. जूनमध्ये पहिल्या जोडीची मागणी रियाधहून आली. मग दोहा, हाँगकाँग, मिलान. घरचा पत्ता पाएतेचा नव्हे, कुठल्यातरी लांबच्या बेटावरचा. पैसे बाहेरून यायचे, एक पट बेटावर जायचा आणि दुसरा मोठ्या खोक्यातून उलट दिशेने, परदेशी. नवऱ्याने मला पुन्हा कधी त्या भांडणाची आठवण करून दिली नाही, पण ती मीच ठेवली आहे.

खलाशांच्या बायकांनी वेगळी अडचण सांगितली. जहाज हलतं आणि सोंगट्या घरंगळतात. त्यांच्यासाठी जहाजावरच्या पटात प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खाली खुंटी केली. घरचा पट साधाच. भोकं पाडताना महोगनीचे कपचे उडायचे. एका कारागिराने खाली टाकाऊ फळी दाबून धरायची युक्ती काढली तेव्हा ते थांबलं.

आता आमच्या विक्रीतला मोठा भाग जोडपटांचा आहे. साध्या पटांना मागणी वाढली तीही २०२१ नंतर. देशात व्यावसायिक बुद्धिबळ लीग सुरू झाली आणि पहिल्याच मोसमात आमचा लागूनाचा संघ ऑल-फिलिपिनो स्पर्धा जिंकला, तेव्हा गावातल्या पोरांनी शेडबाहेर रांग लावली होती. त्याच डिसेंबरात दुबईला कार्लसन आणि नेपोम्निशी यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव १३६ चालींपर्यंत गेला. आमच्या घड्याळात पहाटेचे चार वाजून गेले. नवऱ्याचे शारजातले दोन जुने सोबती फोनवर आणि चारही कारागीर शेडमध्ये जागे. दुसऱ्या दिवशी काम दुपारी सुरू झालं.

मालवाहतुकीचा खर्च अजून जड आहे. एक जोड लांबच्या बेटावर पाठवायला कधीकधी लाकडापेक्षा जास्त पैसे लागतात. तो कमी कसा करायचा हे मला अजून सुटलेलं नाही.

नाताळला आलेली माणसं जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत परत निघतात, आणि आमच्याकडे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच असते. यंदा सत्तावीस जोड्या गेल्या. शेवटच्या दिवशी ती परिचारिका मुलाला घेऊन आली होती. तो आता चौदा वर्षांचा, आईपेक्षा उंच. त्याने दोन्ही पट जमिनीवर टेकवून रेषा जुळतात का ते पाहिलं, काठावर आलेल्या एका खरवडीवर बोट फिरवलं आणि नवऱ्याला विचारलं की पॉलिश पुन्हा करून मिळेल का. मिळेल, पण आईचं विमान रात्रीचं होतं आणि पॉलिश वाळायला दोन दिवस लागतात. तेव्हा त्याने आईचा पट तसाच तिच्या बॅगेत ठेवला आणि आपला आमच्याकडे सोडून गेला.