पट्टा पडल्यावरची ग्रामसभा

1 मे, रात्री

आज ग्रामसभेत प्रोसिडिंग, म्हणजे मागच्या सभांच्या इतिवृत्ताची वही, मोठ्यानं वाचलं गेलं आणि ते मी वाचलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. गावात राहून काम करायच्या या फेलोशिपच्या सहा महिन्यांत इतकं समाधान मला कुठल्याच दिवशी वाटलं नव्हतं.

वाचलं ते वस्तीवरच्या वहिनींनी. शिक्षण सातवी. ओळीखाली बोट सरकवत, जोडाक्षर आलं की थांबत, पण एकही ओळ न गाळता. जानेवारीतल्या सभेचं पान आलं तेव्हा ‘तहकूब’ या शब्दावर बोट थांबलं. ग्रामसेवकांकडे बघून म्हणाल्या, “भाऊसाहेब, हे म्हंजी काय?” (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच.) त्यांनी सांगितलं, कोरम भरला नाही म्हणून सभा पुढं ढकलली. वहिनींचा पुढचा प्रश्न असा होता की सगळी सभा गप्प झाली. “आन् पुढच्या सभेला भरला का?”

नव्हता भरला. भरायची गरजही नव्हती. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही. 26 जानेवारीला झेंड्यानंतर चाळीसेक माणसं थांबली होती. आठवड्यानं पुन्हा भरलेल्या सभेला मी धरून चौदा. त्या चौदांसमोर गावाच्या पुढच्या वर्षाच्या कामांचा आणि खर्चाचा अख्खा आराखडा मंजूर झाला. अबंधित, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेल्या, पैशातून चौकात पेव्हर ब्लॉक. 15व्या वित्त आयोगाचे (2021-26) 60 टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होते, त्यातून गावठाणातली गटार आणि टाकीची दुरुस्ती. वस्तीच्या हौदापर्यंत पाइप टाकायचं काम त्यात कुठंच नव्हतं. वस्तीवरचं कुणी सभेलाच नव्हतं. ती माणसं तेव्हा ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडात होती.

मी त्या सभेला हजर होते. हजेरीच्या पानावर माझी सही आहे. दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिलं होतं, ‘ग्रामसभा पार पडली, आराखडा मंजूर.’

2 मे

काल झोप लागली नाही. उरलेलं आज लिहिते.

मी इथं रुजू झाले दिवाळीनंतर. आमच्या तुकडीत कोकणापासून गडचिरोलीपर्यंतची मुलं आहेत. प्रशिक्षणात सगळ्यांना एकच पहिलं काम दिलं होतं : गावातलं नेतृत्व हेरा, त्याच्याशी नातं जोडा, त्याला बळ द्या. धारूर तालुक्यातल्या या गावात मी आले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. ओट्यावर म्हातारी माणसं, त्यांच्या भोवती नातवंडं. बीड जिल्ह्यात हे दरवर्षीचंच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. मी लातूर जिल्ह्यातली, मला हे ठाऊक होतं. तरी मी नेतृत्व शोधलं ते जी घरं उघडी होती त्यांच्यातच. चार-पाच पोरं भेटली. हुशार, बोलकी, तालुक्याला ये-जा असलेली. त्यांच्याबरोबर मी खूप काम केलं आणि ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला, कोण कोण गेलंय, हा प्रश्न मला सुचला नाही.

या महिन्यात एक गोष्ट कागदावर मांडली तेव्हा पोटात कालवलं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि जानेवारीअखेर संपते. ऊसतोडीचा हंगामही तोच. गावाचे पैसे कुठं खर्च करायचे हे ज्या चार महिन्यांत ठरतं, त्याच चार महिन्यांत सगळ्यात गरीब घरं गावात नसतात. हे तारखांनीच होतं. नियम मोडावा लागत नाही, कुणाला दुष्ट व्हावं लागत नाही.

वहिनींची ओळख झाली ती एप्रिलात, त्या परत आल्यावर. त्यांच्या घरी चहाला गेले होते. मी म्हटलं, मी सहा महिने इथंच आहे. त्या म्हणाल्या, “तुम्ही आलात तव्हा आम्ही इथं नव्हतोच की, मॅडम.” मग फळीवरून एक वही काढली. थोरल्या मुलीची गणिताची वही, पुढची पानं मुलीची, मागची आईची. आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या. तारीख, गाडी, टन, आणि शेवटच्या रकान्यात उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेल्या पैशांतून, किती फिटले. नवरा-बायकोच्या एका कोयत्याचा अख्खा हंगाम त्या वहीत होता. एका पानावर उसाच्या चिकटाचा डाग, एका पानावर नुसतं ‘ताप, खाडा’. मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, आकडा आणि त्यांचा आकडा जिथं जुळला नव्हता तिथं लाल पेनानं गोल. असे गोल सात होते. त्यातले पाच त्यांनी भांडून दुरुस्त करून घेतले होते. टोळीतल्या आणखी तीन बायकांचा हिशोबही त्याच ठेवत होत्या.

मी ती वही किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे. मग मोबाइलवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतींच्या आराखड्यांचं आणि हिशोबाचं सरकारी पोर्टल, उघडून गावाचा आराखडा दाखवला. कुठलं काम, किती रक्कम, किती खर्च. त्यांना समजवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हिशोब वाचायची सवय होतीच. हा हिशोब आपण मागू शकतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परवा, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, अंगणवाडीत महिला सभा झाली. सर्वसाधारण सभेआधी ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. एरवी तिची वही घरोघर फिरते, सह्या आणि अंगठे गोळा होतात, संपलं. परवा एकवीस बायका खरंच बसल्या. त्यातल्या चौदा फडावरून आलेल्या.

5 मे

मायला फोनवर हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “आमालाबी असंच झालतं बघ.”

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला, त्यानंतर घरदुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम आला. गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगनं त्या बायकांना उभं करायला फार मोठं काम केलं. माय तेव्हा नवी सून होती, डोक्यावरचा पदर न ढळू देता घरोघर जाऊन सांगायची की हप्ता कधी मिळतो, भिंतीला आडवा पट्टा का हवा, मंजूर पैशात काय बसतं. इंजिनिअरला प्रश्न विचारायला ती तिथंच शिकली. पुढं बचत गट, पुढं एकदा ग्रामपंचायत सदस्य. तिला कुणी फेलो म्हटलं नाही. तिच्या नावाचं प्रमाणपत्र आमच्या घरात नाही.

मला या फेलोशिपबद्दल मनापासून आदर आहे. तिच्यामुळे मी इथं आहे. राज्यात 2015 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप आहे, इतरही आहेत, आणि शासन आतून बघितलेली तरुण मुलं त्यातून तयार होतात, हे मोलाचंच आहे. पण मुख्यमंत्री फेलोशिपची अट बघा : वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के गुण. आमच्याकडेही पदवी लागतेच. वहिनींचं वय चौतीस. माय त्या वेळी दहावी नापास होती. शासनाच्या कार्यालयात काम करायचं तर पदवी मागा, माझं काही म्हणणं नाही. गाव उभं करायचं म्हणता, तर निदान काही जागा गावात राहणाऱ्या, गावासाठी झटणाऱ्या माणसांसाठी हव्यात. मानधन त्यांना, प्रशिक्षण त्यांना, आणि आम्ही वर्षभर त्यांच्या हाताखाली. मी गेल्यावर हौदाच्या पाइपचा पाठपुरावा मी करणार नाहीये, त्या करणार आहेत.

9 मे

वरचं सगळं नीट मांडून समन्वयकांना पाठवलं. जानेवारीच्या माझ्या अहवालात काय राहिलं होतं तेही लिहिलं. उत्तर आलं : जूनच्या बैठकीत हा विषय घेऊ.

1 मेच्या सभेत ठराव झालाय की 15 ऑगस्टच्या सभेत, टोळ्या निघायच्या आधी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या मागण्या लिहून घ्यायच्या आणि आराखड्यात धरायच्या. सूचक वहिनी, अनुमोदक त्यांची धाकटी जाऊ. ठरावाची प्रत अजून हातात नाही. ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार आहे, ते सोमवारी येतात. वहिनींनी सांगून ठेवलंय, सोमवारी सकाळी आठला. आपण दोघीही जाऊ, पण अर्ज मी लिहिणार, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा.