पांढरा घुमट करडा का आला?

छायाचित्रणाच्या वर्गात प्रवेश घेऊन मला तीन आठवडे झाले होते. मे महिन्यातल्या एका लख्ख सकाळी सरांनी आम्हाला दीक्षाभूमीवर नेले आणि स्तूपाचे बाहेरून छायाचित्र घ्यायला सांगितले. मी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/८ ठेवले, तर शटर स्पीड, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, कॅमेऱ्याने स्वतःच १/१००० सेकंद निवडला. डोळे दिपवणारा तो शुभ्र घुमट छायाचित्रात मात्र पावसाळी ढगासारखा करडा उमटला. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा तेच. कॅमेरा बिघडला असावा, असे मला मनापासून वाटले.

बिघाड नव्हताच. कॅमेऱ्यातला मीटर समोरची वस्तू कोणती आहे हे जाणत नाही. तिच्यावरून परतून येणारा प्रकाश तेवढा मोजतो, आणि ती मध्यम करडी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारी आहे, असे धरून चालतो. पांढरा घुमट त्याच्या कितीतरी पट प्रकाश परत पाठवतो, म्हणून मीटर उजेडच फार आहे असे समजून शटर लवकर मिटवतो. सरांनी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, अधिक १ वर न्यायला सांगितले. शटर स्पीड १/५०० झाला, सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडला आणि घुमट पांढरा आला.

“लख्ख उन्हात एफ/१६ आणि आयएसओच्या आकड्याच्या जवळचा शटर स्पीड, एवढं पाठ ठेव,” सर म्हणाले. आयएसओ १०० ला तो १/१२५ येतो. एफ/१६ वरून दोन स्टॉप (एक स्टॉप उघडणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे) उघडून एफ/८ वर आले की १/५०० होतो. कागदावरचा हिशेब समोरच्या घुमटाशी जुळला, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचा त्रिकोण पहिल्याच दिवशी फळ्यावर काढतात. माझ्या मते त्याआधी मीटरचे हे गृहीतक शिकवायला हवे, कारण त्रिकोणातले सगळे आकडे त्याच्याच भरवशावर ठरत असतात.

त्याची दुसरी बाजू तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीत कळली. आभाळ भरलेले, गल्ली अरुंद, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” अशा आरोळ्या, आणि चौकटभर काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला भला मोठा काळा पुतळा. लोक सतत हलत असल्याने शटर १/२५० च्या खाली येऊ नये म्हणून मी आयएसओ ८०० केला. मीटरने काळ्या रंगालाही करडे ठरवून चित्र फिकट, धुरकट केले. या वेळी कोणाला विचारावे लागले नाही. मी कॉम्पेन्सेशन उणे १ केले आणि मारबतीचा काळा रंग परत आला. थोड्या वेळाने पिवळी मारबत समोर आली, तेव्हा पहिले छायाचित्र घेण्याआधीच माझा अंगठा कॉम्पेन्सेशनची चकती अधिकच्या बाजूला फिरवत होता.